मुखवट्याची कैफियत

गौरीचे आणि खंडोबाचे मुखवटे सोडले, तर मराठी भाषेत मुखवट्याबद्दल कुणी चार शब्द चांगले बोललेले मी ऐकलेले नाहीत. कवितेत मुखवटे गळून पडतात. नाटकाच्या तिसऱ्या अंकात ते ओरबाडले जातात. अग्रलेखात तर ते रोज सकाळी टराटरा फाटतात. २०२० साली साऱ्या जगाला मास्क चढवावा लागला, तेव्हा तरी या बापड्याचे दिवस पालटतील असं वाटलं होतं. पण आपल्या मंडळींनी तो हनुवटीवर बांधला आणि नाक मोकळं ठेवून एकमेकांना आरोग्याच्या गोष्टी सांगितल्या. मास्क जिथं हवा नेमका तिथं नसेल, तर त्याच्या असण्याला काडीचा अर्थ नाही, हा धडा आपण तेव्हा घेतला नाही. तो आता या लेखातून घ्यावा लागणार आहे.

मी ज्याचं वकीलपत्र घेतलं आहे, तो मास्क तोंडावर घालायचा नसून फोटोवर घालायचा आहे. फोटोही माणसांचा नव्हे. माणसांच्या फोटोंवर काय काय घातलं जातं ते लग्नाच्या अल्बमांतून सर्वांनी पाहिलेलंच आहे. हा फोटो आकाशाचा. तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका अशा, नुसत्या डोळ्यांना एक तर दिसत नाहीत आणि दिसल्याच तर चष्म्यावरच्या डागासारख्या दिसतात, अशा वस्तूंचा. या छंदाची माणसं ओळखायला सोपी. पौर्णिमा जवळ आली की ती उदास होतात आणि अमावास्येला घरात टिकत नाहीत, त्यामुळे शेजारीपाजारी त्यांच्याकडे जरा जपूनच बघतात. दिवाळीपासून वळवापर्यंत गावाच्या दिव्यांपासून दूर कुठल्यातरी माळावर रात्री जागवायच्या, दुर्बिणीला कॅमेरा जुंपून एकाच जागेचे पाच-पाच मिनिटांचे पन्नास-शंभर फोटो काढायचे, आणि पावसाला सुरुवात झाली की पुढचे चार महिने खिडक्या लावून संगणकासमोर त्या फोटोंचा निवाडा करत बसायचं, असं आमचं वर्ष असतं. लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात. आम्ही आकाश सोडतो. मास्क हा आमच्या चातुर्मासातला पदार्थ आहे.

आणि याच दिवसांत घरी आलेला कुणीतरी, हातात भज्यांची बशी घेऊन, आमच्या खांद्यावरून पडद्याकडे बघतो आणि विचारतो, "हे असंच असतं, की तुम्ही काही केलंय?"

या 'काही केलंय'चा सूर ऐकण्यासारखा असतो. चौकीवरचा हवालदार "कुठनं येताय?" म्हणताना असाच सूर लावतो. 'केलंय' म्हणावं तर फोटो खोटा ठरतो, 'नाही केलं' म्हणावं तर आपण खोटे ठरतो. त्यातून 'मास्क' हा शब्द चुकून तोंडातून निसटला, तर मग खटलाच संपला. "म्हणजे मुखवटा लावलाय!" असं म्हणून ते गृहस्थ शेवटचं भजं उचलतात.

या लोकांचा एक पक्ष आहे. मी त्याला सोवळा पक्ष म्हणतो. 'कॅमेऱ्यातून आलं तसं दाखवा' हे त्याचं ब्रीद. या पक्षाचे सभासद छायाचित्रस्पर्धांत परीक्षक असतात, प्रदर्शनांत फोटोला नाक लावून उभे असतात, आणि 'यावर फार काम केलेलं दिसतं' हा शेरा ते शिवीसारखा वापरतात. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात काम केलेलं असणं ही तक्रार होत नाही. सुताराला कुणी म्हणत नाही, की खुर्ची बरी आहे पण लाकडावर फार काम केलंय.

मला आज या सोवळ्या पक्षाशी दोन हात करायचे आहेत.

त्यांच्या 'आहे तसं'पासूनच सुरुवात करू. आमच्या शेजारच्या काकांच्या आग्रहावरून मी त्यांना एकदा कॅमेऱ्यातून आलेला, हात न लावलेला फोटो 'आहे तसा' दाखवला.

"काळा आहे," काका म्हणाले.

"आहे तसा आहे."

"चार-दोन ठिपके आहेत. बाकी यात काही नाही."

"एक अख्खा तेजोमेघ आहे, काका."

काकांनी चष्मा पुसला. तेजोमेघ दिसला नाही. तो दिसणारही नव्हता, आणि त्यात काकांच्या चष्म्याचा काही दोष नव्हता. कॅमेऱ्याचा सेन्सर हा चित्रकार नाही, तो टोलनाक्यावरचा कारकून आहे. किती उजेड आला, एवढंच तो मोजून वहीत लिहितो. खगोलछायाचित्रणाच्या चांगल्या कॅमेऱ्याच्या वहीत शून्यापासून ६५,५३५ पर्यंतचे आकडे मावतात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा जिना. ठळक तारे वरच्या मजल्यावर बसलेले असतात, आणि ज्याच्यासाठी आपण रात्र जागवली तो तेजोमेघ तळाच्या थोड्याशा पायऱ्यांवर, दाटीवाटीनं, अंधारात उभा असतो. याउलट तुमच्या-माझ्या घरातला साधा पडदा प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच दाखवतो. आता ६५,५३६ पायऱ्यांचा जिना २५६ पायऱ्यांच्या माडीत बसवायचा, तर कुठल्या पायऱ्या जवळ आणायच्या आणि कुठल्या ताणायच्या, हे कुणीतरी ठरवायलाच हवं. तुम्ही ठरवलं नाही तर कारखान्यात बसलेला कुणी इंजिनिअर ते आधीच ठरवून ठेवतो. मोबाईलमधून 'आपोआप' येणारा गोजिरवाणा फोटो हा असा दुसऱ्यानं ठरवलेला असतो. एकूण काय, 'काही न केलेला फोटो' ही चीज अस्तित्वात नाही. एक तर तो तुम्ही केलेला असतो, किंवा दुसऱ्यानं.

सोवळ्या पक्षाच्या घरी गहू दळून, मळून, लाटून, भाजून पोळी होते. 'आहे तसा' गहू ताटात वाढला तर काय होईल, याचा प्रयोग त्यांनी एकदा करावा आणि मग माझ्याशी भांडायला यावं.

बरं, जिना ताणला. तेजोमेघ अंधारातून वर आला. आता मास्कची गरज काय?

गरज अशी, की तळघरातून तेजोमेघ एकटा वर येत नाही. त्याच्याबरोबर खरखरही वर येते. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना गाण्याबरोबर जी यायची, तिचीच ही चित्रातली बहीण. ती कमी व्हावी म्हणून तर आम्ही एकाच जागेचे ढीगभर फोटो काढून त्यांची सरासरी घेतो. सोळा फोटोंनी खरखरीच्या तुलनेत खरा उजेड चौपट उठून दिसतो, शंभरांनी दहापट. तरीही काळ्या आकाशात, जिथं उजेड मुळातच कमी, तिथं ती उरतेच. ती पुसायला गुळगुळीत करणारं औषध असतं. ते सबंध फोटोवर सारखं चोपडलं, तर आकाश गुळगुळीत होतं खरं, पण तेजोमेघाच्या खऱ्याखुऱ्या सुरकुत्याही जातात आणि तो मेणाचा वाटू लागतो. उलट, तेजोमेघाचे बारकावे रेखीव करणारं औषध सगळीकडे चोपडलं, तर काळ्या आकाशातली खरखरही रेखीव होते. तिच्या शेवया होतात. ताऱ्यांभोवती काजळाची कडी उमटतात. विश्वात ना त्या शेवया आहेत, ना ती कडी.

इथं ध्यानात घ्या, की खोटं कुणी निर्माण केलं? मास्कनं नव्हे. मास्क नव्हता म्हणून ते निर्माण झालं.

मास्क म्हणजे काय, हे समजायला संगणकाची गरज नाही, केशकर्तनालयात जा. न्हावी कानामागचे केस कापताना डाव्या हाताच्या दोन बोटांनी कान दुमडून धरतो. ती दोन बोटं म्हणजे मास्क. कात्री सगळीकडे सारखी चालते. कुठं चालायची नाही, ते बोटं सांगतात. आजवर एकाही गिऱ्हाइकानं 'माझा कान झाकून तुम्ही सत्याचा अपलाप केलात' अशी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. रंगारी खिडकीला ऑइलपेंट मारताना काचेवर जुनं वर्तमानपत्र चिकटवतो, ते वर्तमानपत्र मास्क. लग्नात अंतरपाट धरतात, तो वधूवरांना फसवायला नव्हे. योग्य वेळेपर्यंत मध्ये धरायचा आणि मंगलाष्टकं संपली की काढून घ्यायचा. मास्कचंही तसंच. काम झालं की तो काढून ठेवतात. तयार फोटोत मास्क शिल्लक राहत नाही, हे सोवळ्या पक्षातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. ते फोटोत मुखवटा शोधत बसतात, म्हणजे जेवणाच्या पंगतीत अंतरपाट शोधल्यासारखं.

आणि हा मास्क बनतो कशाचा? त्याच फोटोचा. फोटोची एक कृष्णधवल प्रत काढायची. जिथं उजेड तिथं पांढरं, जिथं अंधार तिथं काळं, मधे करड्या छटा. ही प्रत फोटोवर धरली, की पांढऱ्यातून औषध आरपार जातं, काळ्यात अडतं, करड्यातून ज्या त्या मानानं झिरपतं. रेखीव करताना ही प्रत सुलटी धरायची, म्हणजे औषध तेजोमेघाला लागेल आणि आकाश वाचेल. गुळगुळीत करताना तीच उलटी धरायची, म्हणजे आकाशाला लागेल आणि तेजोमेघ वाचेल. ताऱ्यांना जपायचं असेल तर फक्त ताऱ्यांचा मास्क. पिक्सइनसाइट नावाच्या प्रणालीत मास्क चढवला, की झाकलेला भाग लाल दिसतो. आकाशावर कुणी गुलाल उधळला आहे असं वाटतं. पण हा गुलाल आधी लागतो आणि निवडणूक मागाहून होते.

उदाहरणादाखल मृग नक्षत्र घ्या. मृग म्हटलं की शेतकऱ्याला जून आठवतो, कारण तेव्हा सूर्य मृगात असतो. आम्हांला डिसेंबर आठवतो, कारण तेव्हा सूर्य तिथं नसतो. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सर्वांच्या ओळखीचे. त्यांच्या दक्षिणेला एक धुरकट पट्टा आहे, त्यात १,३०० हून अधिक प्रकाशवर्षांवर एम ४२ हा तेजोमेघ आहे. त्याच्या गाभ्यात ट्रॅपेझियम नावाची चार ताऱ्यांची चौकडी बसलेली आहे आणि त्यांच्या उजेडानं सारा मेघ पेटल्यासारखा झाला आहे. अडचण एवढीच, की गाभा अतोनात उजळ आणि कडेचे पदर अतोनात पुसट. पाच मिनिटं उजेड घ्यावा तर पदर येतात, पण गाभ्याचा पांढरा भात होतो आणि चारही तारे त्यात बुडतात. पाच-दहा सेकंदांत उरकावं तर तारे सुटे दिसतात, पण पदर गायब.

मग आम्ही दोन्ही प्रकारचे फोटो काढतो आणि दीर्घ फोटोच्या उजेडाचाच मास्क करून, जिथं भात झाला आहे तेवढ्याच जागी लहान फोटो आत सोडतो. यात खोटं काय झालं? चार तारे तिथं आहेत. पदर तिथं आहेत. मेघही तोच आणि आकाशही तेच. मास्क न वापरता दाखवला असता तो पांढरा भात मात्र आकाशात नाही; तो कॅमेऱ्याची वही भरल्याचा डाग आहे. सोवळ्या पक्षाला तो डाग 'अस्सल' वाटतो. खादीच्या सदऱ्यावर शाई सांडली तर तिलाही ते नक्षी म्हणतील.

ही अडचण काही संगणकाबरोबर आली नाही. याच मृगातल्या मेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरानं ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटं उजेड घेऊन काढला. त्यानंतर १८८३ साली अँड्र्यू एन्स्ली कॉमन यानं लंडनजवळ ईलिंगला घरच्या बागेतल्या ३६ इंची दुर्बिणीतून याच मेघाचा असा फोटो काढला, की त्यात डोळ्यांना दुर्बिणीतून न दिसणारे तारे उमटले. पुढच्या वर्षी त्याला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. कॉमन पेशानं सांडपाण्याच्या कामातला इंजिनिअर. गटारातून वर बघणाऱ्या माणसांबद्दल इंग्रजी वाङ्मयात काय काय म्हटलंय ते असो, हा मनुष्य खरोखरच त्या कामातून वर बघत होता. मुद्दा असा, की फोटो डोळ्यांपेक्षा जास्त सांगतो हे तेव्हाच सिद्ध झालं. मग 'डोळ्यांना दिसतं तसंच दाखवा' हा हट्ट १८८३ नंतर कुणी का धरावा? डोळ्यांना तर अंधुक उजेडात रंगही धड दिसत नाहीत. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल उजेड तिथं असतोच. आपले डोळे गरीब आहेत म्हणून विश्वानं कृष्णधवल व्हावं की काय?

फिल्मच्या काळात डार्करूममध्ये काम केलेले लोक मास्क या शब्दानं दचकत नसत. एन्लार्जरखाली कागदावर उजेड पडत असताना तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती एखाद्या भागावर हलवायची, म्हणजे तो भाग फार काळा होत नाही. किंवा भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून एखाद्या कोपऱ्याला जास्त उजेड पाजायचा. हात सारखा हलता ठेवायचा, नाही तर पुठ्ठ्याची कड उमटते. आजच्या मास्कची कडही धूसर करावी लागते ती याच कारणानं. पुठ्ठा गेला, भोक गेलं, कड मात्र पूर्वीइतकीच दगाबाज आहे.

आणि ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॅलिनची गोष्ट तर सोवळ्या पक्षाला पाठ करायला लावली पाहिजे. हा मूळचा रसायनशास्त्राकडचा माणूस १९७५ साली अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत आला. तिथल्या ३.९ मीटरच्या दुर्बिणीतून काचेच्या पट्ट्यांवर आकाशाची निगेटिव्हं निघत. एकाच पट्टीवर लखलखीत गाभा आणि पुसट कडा. छापायला गेलं की एक जाई नाही तर दुसरं. मॅलिननं काय करावं? त्यानं निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर अशी एक पॉझिटिव्ह प्रत काढली आणि ती मूळ निगेटिव्हवर जुळवून ठेवून दोन्हींमधून एकदमच छापलं. धूसर प्रतीनं ठोकळ उजेड खाऊन टाकला आणि बारकावे तेवढे शिल्लक राहिले. याला म्हणतात अनशार्प मास्क. काम रेखीव करण्याचं आणि नाव अनशार्प! 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' याच्या बरोबर उलट.

या आणि अंधुक उजेड वर काढणाऱ्या अशाच दुसऱ्या एका युक्तीनं मॅलिनला साध्यासुध्या समजल्या जाणाऱ्या लंबगोल दीर्घिकांभोवती प्रचंड, अतिशय फिकी कवचं दिसली. १९८० साली त्यानं डेव्हिड कार्टरच्या जोडीनं ती 'नेचर'मध्ये जाहीर केली. एका दीर्घिकेनं दुसरी लहान दीर्घिका गिळल्याच्या त्या खुणा आहेत, असं आज मानतात. म्हणजे बघा, उजेड पट्टीवर आलेला होता, पट्टी वेधशाळेच्या कपाटात होती, आणि तरी ती गोष्ट कुणाला दिसत नव्हती. दिसली कधी? मुखवटा चढवला तेव्हा. कवितेतले मुखवटे गळून पडल्यावर सत्य दिसतं म्हणतात. आकाशात ते चढवल्यावर दिसलं.

इथवर वाचून सोवळा पक्ष एक शेवटचं अस्त्र काढील, आणि ते अस्त्र बोथट नाही. 'तुम्ही एका भागाला एक न्याय लावता आणि दुसऱ्याला दुसरा. मग कुठला भाग किती पट उजळ, हे तुमच्या फोटोवरून मोजता येईल का?' नाही येणार. पण मोजमाप करणारा माणूस या फोटोवरून मोजतच नाही. तो टोलनाक्याच्या मूळ वहीवरूनच मोजतो, न ताणलेल्या आकड्यांवरून. ताणलेल्या फोटोवरून, मास्क असो वा नसो, उजेडाचं सरळ माप घेता येत नाही. नकाशा आणि देखावा या दोन गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर इंद्रधनुष्य नाही म्हणून कुणी तलाठ्याशी भांडत नाही.

आता आमच्याच घरातल्या लोकांकडे वळतो. वकीलपत्र मुखवट्याचं घेतलं आहे, त्याच्या आडून चोऱ्या करणाऱ्यांचं नव्हे.

सोवळा पक्ष आहे तसा ओवळा पक्षही आहे. या पक्षाचा मास्क फोटोतून निघत नाही, मनातून निघतो. दीर्घिकेचा एखादा फाटा जरा निळा असता तर बरं दिसलं असतं, असं वाटलं की हे महाभाग कुंचला घेतात, फाट्याभोवती हातानं कुंपण घालतात आणि आत नीळ ओततात. धुळीचा पट्टा पुरेसा काळा नाही? त्याला काजळ. कोपरा ओका वाटतो? त्यात थोडा धूर. पूर्वी फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सावळ्या मुलींना स्थळांसाठी उजळ करत, त्याच घराण्याची ही गायकी. मुलीला निदान सासरी गेल्यावर कुणीतरी प्रत्यक्ष बघायचं. २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी दीर्घिकेला बघायला कोण जाणार?

भर म्हणून आता यंत्रंही शिकलेली आहेत. फोटोतून तारे काढून टाकणारी साधनं आली. ती ताऱ्यामागं काय असेल याचा अंदाज करून ती जागा भरतात. तारे पुन्हा त्याच जागी ठेवले तर तो अंदाज झाकला जातो आणि फारसं बिघडत नाही. पण न ठेवता तसाच फोटो भिंतीवर लावला, तर आपण विश्वाचा नव्हे, यंत्राच्या अंदाजांचा फोटो लावलेला असतो. २०२३ साली एका नामांकित मोबाईलवर कुणीतरी प्रयोग केला. चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर ठेवला आणि अंधाऱ्या खोलीत लांबून त्याचा फोटो घेतला. मोबाईलनं त्यात चंद्राचे बारकावे भरून दिले. पडद्यावर नव्हतेच ते! ही चंद्राची ओळख नव्हे, चंद्राची घोकंपट्टी. परीक्षेत प्रश्न न वाचता उत्तर लिहिणारा मुलगा आणि हा मोबाईल यांत फरक नाही, आणि दोघांनाही गुण मात्र पैकीच्या पैकी मिळतात.

म्हणून मास्कची सोयरिक जुळवताना तीन गोष्टी तपासाव्यात, असं माझं म्हणणं आहे. पहिली, मास्क त्याच आकाशाच्या उजेडातून निघालेला असावा, हौसेतून नव्हे. दुसरी, त्यातून जे आत सोडायचं ते त्याच आकाशातून टिपलेलं असावं. आणि तिसरी, विचारणाऱ्याला ते सांगायची लाज वाटू नये. या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर मास्क ही लबाडी नसून संयम आहे. औषध कुठं लावायचं नाही हे आधी ठरवून, ते ठरवण्याचा अधिकार आपल्या हाताकडून काढून घेऊन उजेडाकडे देणं, एवढंच तो करतो. खोटं बोलायला निघालेल्या हाताला धरणारा तो हात आहे.

हा वाद आम्हा चार हौशी लोकांच्या मानपानाचा असता, तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पण देवयानी दीर्घिकेचंच बघा. आकाशात तिच्याएवढे फोटो क्वचितच कुणाचे निघाले असतील. अशा या दीर्घिकेच्या शेजारी, पौर्णिमेचे तीन चंद्र ओळीनं ठेवावेत एवढी लांब, ऑक्सिजनच्या उजेडातली एक निळसर कमान आहे, हे २०२३ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. ती सापडली मार्सेल ड्रेक्सलर, झाविए स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींच्या फोटोंत, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिच्यावरचं टिपण अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याच वर्षी ग्रिनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या स्पर्धेत तो फोटो सर्वोत्तम ठरला. अशी कमान एका फोटोत दिसून भागत नाही. दुसऱ्या दुर्बिणीतून, दुसऱ्या माणसाच्या हातून ती पुन्हा दिसावी लागते, आणि ती दिसली.

आता कल्पना करा, की दोन्ही पक्ष जिंकले आहेत. सोवळ्यांनी सगळ्यांना काळे फोटो दाखवायला लावले, तर ही कमान तळघरातच राहिली असती. ओवळ्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत नीळ ओतायची चाल रुळवली असती, तर ती वर येऊनही कुणाचा विश्वास बसला नसता. 'छान रंगवलीय' म्हणून लोक पुढं गेले असते. एकानं सत्य दिसू दिलं नसतं आणि दुसऱ्यानं दिसलेलं पटू दिलं नसतं. दोघांचं भांडण वरवरचं आहे, आतून ते एकमेकांचे व्याही आहेत.

तेव्हा प्रदर्शनं भरवणाऱ्यांना माझी विनंती अशी. एका फोटोऐवजी तीन चौकटी टांगा. पहिलीत तो काळाकुट्ट मूळ फोटो. तिसरीत तयार झालेला. आणि मधल्या चौकटीत, कुठलीही सजावट न करता, तो करडा मास्क. पहिल्या चौकटीपुढं कुणी थांबणार नाही, तिसरीपुढं गर्दी होईल, हे मला दिसतंच आहे. पण परीक्षकाला दोन मिनिटं मधल्या चौकटीपुढं उभं करा. मास्क आकाशातून निघाला असेल, तर त्यात तेजोमेघाचा प्रत्येक पदर, प्रत्येक तारा, जिथल्या तिथं दिसेल. हातानं कुंपण घातलं असेल, तर कुंचल्याचे फटकारे दिसतील. तिथं खोटं लपवायला जागाच नाही. इतकी वर्षं मुखवट्यावर सगळ्यांनी आरोप केले. त्याला साक्षीला मात्र कुणी बोलावलं नाही. एकदा बोलावून बघा. सबंध खटल्यात ज्याला काही सजवून सांगताच येत नाही, असा तो एकटाच साक्षीदार आहे.